पंडिताबाईंचा धर्म

परभणीहून पुण्याला निघालेली गाडी दौंड सोडून पुढे सरकली, की थोड्याच वेळात केडगाव नावाचे एक साधेसे स्टेशन लागते. नगरजवळचे केडगाव निराळे. हे पुणे जिल्ह्यातले, दौंड तालुक्यातले. आमच्या भागातल्या प्रवाशांना तोवर पुण्याचे वेध लागलेले असतात. कोणी पिशव्या आवरू लागतो, कोणी मुलांची तोंडे पुसतो, कोणी उतरल्यावर रिक्षावाला किती मागेल याचा हिशेब करीत बसतो. आणि एवढ्यात, एका असामान्य बाईची कर्मभूमी खिडकीबाहेरून निघून गेलेली असते. सव्वाशे वर्षांपूर्वी याच मातीत, दुष्काळातून उचलून आणलेल्या दीड हजारांहून अधिक मुली आणि बायका एका विधवेच्या आधाराने जगल्या, शिकल्या आणि माणसांत आल्या. त्या विधवेचे नाव पंडिता रमाबाई. संस्थेचे नाव मुक्ती. ती संस्था आजही तेथे चालू आहे.

रमाबाईंविषयी आपल्याकडे दोन गोष्टी सर्वांना ठाऊक असतात. एक, त्या मोठ्या विदुषी होत्या. आणि दुसरी, त्या ख्रिस्ती झाल्या. पहिली गोष्ट अभिमानाने सांगितली जाते, दुसरी आवाज खाली घेऊन. झरीच्या आमच्या शाळेत समाजसुधारकांचा पाठ शिकवताना एका मुलीने मला सरळच विचारले, "सर, हे सगळं त्यांना धर्म न बदलता करता आलं नसतं का?" प्रश्न चांगला होता. मोठमोठ्या माणसांनी तो रमाबाईंच्या हयातीत विचारला होता आणि त्यावरून महाराष्ट्रात रणे माजली होती. त्याचे उत्तर शोधायचे, तर त्यांच्या चरित्रातल्या घटना ज्या क्रमाने घडल्या त्याच क्रमाने पाहाव्या लागतात. मी त्या तशा पाहिल्या, तेव्हा मला दिसले ते असे: रमाबाई आधी ख्रिस्ती झाल्या आणि मग त्यांना दीनदुबळ्या बायका दिसल्या, असे झाले नाही. त्या बायका त्यांना आधी दिसल्या होत्या. त्यांना न्याय कोठे मिळेल, हे शोधता शोधता त्या ख्रिस्ताच्या दारी गेल्या. आणि तेथे गेल्यावरही न्यायाचा तो गज त्यांनी खाली ठेवला नाही.

खरे पाहता ही गोष्ट आम्हां मराठवाड्यातल्या लोकांना परकी वाटण्याचे कारण नाही. देवाच्या दारात न्याय मागण्याची रीत आमच्याकडे फार जुनी आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई. ती दासी, दुसऱ्याच्या घरी दळणकांडण करणारी. पण विठोबाशी ती हक्काने बोलली, भांडली आणि त्याला आपल्या जात्यापाशी बसवून घेतले. ख्रिस्ती धर्माच्या वाटेने असा प्रयत्न करणारे एक गृहस्थही आमच्या शेजारच्या जालन्यात होऊन गेले. रेव्हरंड नारायण शेषाद्री हे त्यांचे नाव. जन्माने ब्राह्मण. १८४३ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या धाकट्या भावाला, श्रीपतीला, जातीत परत घ्यावे की नाही यावरून मुंबईपासून काशीपर्यंत वाद पेटला होता आणि बाळशास्त्री जांभेकर मुलाच्या बाजूने उभे राहिले होते. पुढे नारायणराव जालन्याला आले. त्या वेळी हा सारा मुलूख निजामाचा. त्यांनी सरकारकडून जमीन मिळवली आणि बेथेल नावाचे गाव वसवले. बेथेल म्हणजे देवाचे घर. त्या घरात मुख्यतः मातंग समाजातली, गावकुसाबाहेरची माणसे राहायला आली. ज्यांना गावच्या विहिरीवर चढता येत नव्हते, त्यांच्या गावात त्यांची स्वतःची विहीर झाली. धर्म आणि पाणी या दोन गोष्टी एकमेकींपासून निराळ्या काढता येत नाहीत, हे त्या विहिरीने जेवढे सांगितले तेवढे पुष्कळ प्रवचनांनीही सांगितले नसेल.

आता रमाबाईंकडे वळू.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीच्या रानातल्या गंगामूळ येथला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वैष्णव आणि अत्यंत आचारनिष्ठ. पण एका बाबतीत हट्टी. आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईला, त्यांनी संस्कृत शिकवले. बायकांना देववाणी शिकवणे हा त्या काळी केवढा अपराध! शास्त्रीबुवांना पंडितांच्या सभेत जाब द्यावा लागला. त्यांनी तो ग्रंथांच्या आधारे दिला, पण मत बदलले नाही. पुढे घरची लक्ष्मी आटली आणि हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थांमागून तीर्थे हिंडू लागले. रमाबाईंची शाळा म्हणजे ती वाट, आणि गुरू म्हणजे आई. पहाटे अंधारात लक्ष्मीबाई लेकीला उठवून श्लोक सांगत. असे हजारो श्लोक त्या मुलीला मुखोद्गत झाले.

मग दुष्काळ आला. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत या कुटुंबाची अन्नान्नदशा झाली. भीक मागायची नाही, आणि मजुरी करावी तर सवय नाही. अंगावरचे, घरातले, होते नव्हते ते विकून झाले. उरला तो दानधर्म आणि व्रते यांत गेला, कारण देव प्रसन्न होईल ही आशा. शेवटी झाडपाल्यावर दिवस काढले. जलसमाधी घेण्याचा विचार वडिलांनी बोलून दाखवला, तेव्हा थोरला भाऊ श्रीनिवास म्हणाला, मी मजुरी करीन. पण त्याची मजुरी पाहायला वडील उरले नाहीत. पाठोपाठ आई गेली. शेवटच्या दिवसांत तिने बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागितला. रमाबाई शेजारच्या एका बाईच्या दारात गेल्या. पण मागायला जीभ उचलेना, डोळ्यांतून मात्र पाणी आले. त्या घरधनिणीने ओळखले आणि भाकरी दिली. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. हजारो श्लोक पाठ असणाऱ्या जिभेला "भाकरी द्या" हे दोन शब्द उच्चारता आले नाहीत. माझ्या समजुतीप्रमाणे त्यांच्या साऱ्या चरित्राचे बीज या जागी आहे.

पुढे बहीणही वारली. उरलेली दोघे भावंडे पायी उत्तरेकडे निघाली. पंजाबात थंडीच्या रात्री नदीकाठच्या वाळूत खड्डा करून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्र काढली. इतकी तीर्थे केली, इतके उपास केले. पण ज्या देवासाठी हे केले, त्याच्या दारात भुकेल्याला काय मिळते, हे त्या मुलीने उघड्या डोळ्यांनी पाहिले.

१८७८ साली दोघे कलकत्त्याला पोचली आणि नशीब फिरले. एक वीस वर्षांची मुलगी अस्खलित संस्कृतात बोलते, हे पाहून तेथली विद्वत्सभा थक्क झाली. 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या तिला तेथे मिळाल्या. पण त्याच शहरात दुसरीही एक गोष्ट घडली. केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेद वाचायला सांगितले. स्त्रियांनी वेदाला हात लावू नये, या समजुतीत वाढलेल्या रमाबाई प्रथम बिचकल्या. मग त्यांनी वेद वाचले, धर्मशास्त्रे वाचली. वाचता वाचता त्यांच्या ध्यानात आले, की शास्त्रकारांची आपसांत कितीही भांडणे असोत, एका मुद्द्यावर त्यांचे चांगले जमते: स्त्रिया आणि शूद्र यांना मोक्षाचा सरळ रस्ता नाही. विद्येने त्यांना मान दिला होता, त्याच विद्येने आता त्यांना बेचैन केले.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ते शूद्र गणल्या गेलेल्या जातीतले. म्हणजे बोलणाऱ्यांना आणखी एक विषय मिळाला. मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा. आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने बिपिनबाबू गेले. चोविसाव्या वर्षाच्या आतच रमाबाई विधवा झाल्या.

त्या पुण्याला आल्या. रानडे, भांडारकर या मंडळींनी त्यांचे स्वागत केले. आर्य महिला समाज निघाला. शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. मुलींना शिकवायला स्त्रीशिक्षिका हव्यात आणि बायकांना तपासायला स्त्रीडॉक्टर हव्यात, असे त्यांनी मराठीतून ठासून सांगितले. 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले आणि १८८३ साली लहानग्या मनोरमेला घेऊन, वैद्यकी शिकावी म्हणून, त्या इंग्लंडला गेल्या. कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे वैद्यकीचा बेत पुढे सोडावा लागला. पण इंग्लंडात त्यांना जे सापडायचे होते ते निराळेच होते.

वाँटेज गावी सेंट मेरीच्या जोगिणींचा मठ होता, तेथे त्या उतरल्या. त्या जोगिणींनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅम येथील एक घर दाखवले. ज्यांना समाज 'पतित' म्हणतो अशा बायका तेथे होत्या. रमाबाईंनी काय पाहिले? तर कोणी त्यांच्यावर ओरडत नाही, कोणी त्यांना पाप मोजून दाखवीत नाही. आणि ज्या कालपर्यंत स्वतः रस्त्यावर होत्या, त्या आज दुसऱ्या दुर्दैवी बायकांची प्रेमाने शुश्रूषा करीत आहेत. आपल्या धर्मग्रंथांत अशा स्त्रीला कडक शिक्षा त्यांनी वाचली होती. दया वाचली नव्हती. त्यांनी एका जोगिणीला विचारले, की हे तुम्ही कशासाठी करता? तिने उत्तरादाखल ख्रिस्ताची आणि शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली. भर दुपारी विहिरीवर एकटी पाण्याला आलेली, परक्या जातीची, पाच नवरे झालेली ती बाई. आणि तिच्याकडे पाणी मागणारा तो यहुदी गुरू. पुन्हा विहीर आणि पुन्हा पाणी! तिच्या हातचे पाणी त्याने मागितले आणि आपल्या शिकवणुकीतली सर्वांत गहन गोष्ट त्याने तिलाच सांगितली. रमाबाईंनी पुढे लिहिले आहे, की स्त्रियांना वर उचलणारा हाच, हे आपल्याला तेथे पटले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजमध्ये मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

महाराष्ट्रात बातमी आली तेव्हा केवढा गहजब झाला असेल याची कल्पना करावी. विलायतेच्या मोहाला बळी पडल्या, पाद्र्यांनी भुलवल्या, असे लोक बोलू लागले. पाठीशी उभे राहिले ते जोतीराव फुले. १८८५ साली काढलेल्या 'सत्सार' या पत्रिकेत त्यांनी रमाबाईंची बाजू घेतली. ज्या बाईने शास्त्रे मुळातून वाचली आणि मग ती सोडली, तिला दोष देण्याआधी शास्त्रे तपासा, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. जोतीराव स्वतः ख्रिस्ती झाले नाहीत. 'सार्वजनिक सत्यधर्म' या त्यांच्या शेवटच्या पुस्तकात त्यांनी असे घर कल्पिले आहे, की ज्यात बायको एका धर्माची, नवरा दुसऱ्या, मुलगी तिसऱ्या आणि मुलगा चौथ्या, आणि तरी सारे एका चुलीवर प्रेमाने नांदतात. दीडशे वर्षे होत आली, पण अशा घराला अजून आपल्याकडे भाड्याने खोली मिळणे कठीण.

पाद्र्यांनी भुलवले म्हणणाऱ्यांनी रमाबाईंची त्या काळातली पत्रे वाचायला हवी होती. जिने आपल्या घरच्या पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून काढले होते, ती साहेबाच्या पुरोहिताचे जोखड घालून घ्यायला तयार नव्हती. चेल्टनहॅमच्या स्त्री महाविद्यालयात त्या शिकू आणि शिकवू लागल्या. तरुण पुरुषांनाही त्यांनी शिकवावे असा विचार निघताच हिंदुस्थानातल्या इंग्रज बिशपांनी नापसंती कळवली: स्त्रीने पुरुषांना शिकवणे तिच्या देशात शोभणार नाही! रमाबाई उसळल्या. भरसभेत पंडितांपुढे बोललेल्या बाईला हे सांगता? गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. ती का, आमची संस्कृत का नाही, देवाला काय लॅटिनच समजते की काय, अशा अर्थाचा सवाल त्यांनी आपल्या धर्मगुरुभगिनीला केला. चर्चच्या सिद्धांतांपैकी जे पटेना ते मान्य करायला नकार दिला. मांसाहार केला नाही. ख्रिस्त स्वीकारला, पण साहेबीपणा स्वीकारला नाही. बिचाऱ्या जोगिणी या शिष्येपायी किती रात्री जाग्या राहिल्या असतील कोण जाणे!

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्या समारंभाला रमाबाई अमेरिकेत गेल्या आणि सुमारे तीन वर्षे तेथेच राहिल्या. विधवांच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले, गावोगाव व्याख्याने दिली आणि पैसा उभा केला. बॉस्टनला त्यांच्या मदतीसाठी मंडळ स्थापन झाले. पण परत येऊन मराठीत अमेरिकेचे वर्णन लिहिले त्यात नुसती आरती ओवाळली नाही. काळ्या लोकांना आणि तेथल्या मूळ रहिवाशांना गोरे लोक कसे वागवतात, हेही त्यांनी स्पष्ट लिहिले. ज्यांच्याकडून देणगी घेतली त्यांचे दोष लिहायला निराळी छाती लागते.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. उच्चवर्णीय विधवांसाठी ही शाळा आणि हे घर. ब्राह्मण मुलींच्या सोवळ्याओवळ्याची व्यवस्था निराळी ठेवली होती. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई या पुढे धोंडो केशव कर्व्यांशी विवाहबद्ध होऊन आनंदीबाई कर्वे झाल्या. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील, असे ठरले होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. काही मुली तेथे येऊन बसू लागल्या. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. दार लावून घ्या, असे हितचिंतकांनी सुचवले. रमाबाईंनी मानले नाही. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या.

या प्रकरणात एकाच बाजूला सारे शहाणपण होते, असे मला म्हणवत नाही. आपली मुलगी शाळेत घातली आणि ती दुसऱ्याच देवाला भजू लागली, तर बापाच्या पोटात गोळा येणारच. रानड्यांना समाजाला दिलेल्या शब्दाची चिंता होती, तीही खरी होती. पण एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. जे पालक मुलींना घेऊन गेले, त्यांतल्या कितींनी घरी नेऊन त्यांना पुढे शिकवले? आरडाओरडा करणाऱ्यांपैकी कितींनी तेवढेच मोठे घर विधवांसाठी बांधले? कर्व्यांनी १८९६ साली आपला आश्रम काढला, आणि हेच त्या वादाचे सर्वांत चांगले उत्तर ठरले. दुसऱ्याने पाणी पाजले म्हणून रागावणाऱ्याने आपली पाणपोई घालावी. कर्व्यांनी ती घातली.

इतके झाले तोवर १८९६-९७ चा दुष्काळ पडला. मध्य प्रांतातून बातम्या येऊ लागल्या. रमाबाईंना ती बाजरीची भाकरी आठवली. आपण स्वतः दुष्काळातून आलो, आता घरी बसवत नाही, असे त्यांनी लिहिले आहे. मैत्रिणी म्हणाल्या, पैसा कोठे आहे? त्या म्हणाल्या, देव देईल, आणि निघाल्या. मध्य प्रांतात त्यांनी दुष्काळी छावण्या पाहिल्या, सांगाडे झालेली मुले पाहिली, आणि त्या सांगाड्यांतून मुली निवडून विकायला नेणारे दलालही पाहिले. त्या मुलींना घेऊन येऊ लागल्या. संख्या तीनशेपर्यंत गेली. पुण्यात प्लेगचे निर्बंध. इतक्या मुलींना शहरात ठेवता येईना. तेव्हा केडगावला घेतलेल्या माळावर गवताच्या झोपड्या आणि तंबू उभे राहिले. मुक्ती जन्मली ती अशी.

येथे एक मोठा बदल झाला, तो कोणी भाषण करून केला नाही. शारदा सदनात निराळ्या चुली होत्या. दुष्काळातून आलेल्या मुलींमध्ये सर्व जाती होत्या, आणि पुष्कळ तर आपली जात सांगण्याच्याही स्थितीत नव्हत्या. आता सोवळे कोणाशी पाळणार? पंक्ती एक झाल्या. उच्चवर्णीय विधवांसाठी सुरू झालेले काम भुकेने सर्वांचे केले.

त्याच १८९७ सालात पुण्यात प्लेगचा कारभार रॅंडसाहेबाच्या हाती होता. प्लेगच्या रुग्णालयात आणि छावणीत स्त्रियांची कशी विटंबना होते, आपल्याच एका मुलीचा तेथे कसा नाश झाला, हे रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती पत्रात नावानिशी लिहिले. पार्लमेंटात त्यावरून प्रश्न निघाला. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी आरोप नाकारले. आता पाहा, ज्यांनी रमाबाईंना सरकारी धर्माच्या म्हणून हिणवले, त्यांच्याच शहरातल्या बायकांसाठी ही ख्रिस्ती बाई ख्रिस्ती सरकारशी भांडत होती. शास्त्र्यांना लावलेला गज तिने बिशपाला लावला होता, आता तोच लाटसाहेबाला लावला.

१९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि वस्ती दीड हजारांच्या वर गेली. एवढ्या तोंडांना नुसत्या प्रार्थनेने अन्न मिळत नाही, हे रमाबाईंइतके कोणाला ठाऊक असणार! विहिरी खणल्या, शेती केली, गाईगुरे पाळली. तेलाचा घाणा, विणकाम, शिवण, धोबीकाम, सुतारकाम, छापखाना, सारे बायका शिकल्या आणि बायकाच करू लागल्या. फसलेल्या, टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन निघाले. फुलहॅमला पाहिलेले ते घर अखेर महाराष्ट्रात आले. म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन झाले. अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल शिकवू लागल्या. मुक्तीत प्रार्थना मनःपूर्वक चाले. १९०५ साली तेथे भक्तीची जी लाट उसळली तिची वार्ता देशोदेशींच्या ख्रिस्ती मंडळींत पोचली. रमाबाईंची श्रद्धा ही समाजसेवेवर पांघरलेली शाल नव्हती; ती आतल्या हाडामांसाची होती. पण गुडघे टेकून उठल्यावर काय करायचे, हे त्यांना नेमके माहीत होते: गोठा झाडायचा होता, पोळ्या भाजायच्या होत्या, आणि आंधळ्या मुलीचे बोट धरून तिला अक्षर ओळखायला शिकवायचे होते.

या सर्वांवरून कोणी असा निष्कर्ष काढू नये, की धर्म बदलला म्हणजे न्याय आपोआप मिळतो. चर्चच्या बाकांवरही आपल्या देशात जात जाऊन बसली. एकाच देवळात निराळ्या रांगा, निराळ्या स्मशानभूमी हा अनुभव दलित ख्रिस्ती लोकांनी पुढे कितीतरी ठिकाणी घेतला. रमाबाईंच्या वाटेने जाणारे सारेच रमाबाई नव्हते. मला महत्त्वाची वाटते ती त्यांची कसोटी. कोणत्याही देवाच्या दारात त्या एकच प्रश्न घेऊन गेल्या: येथे भुकेल्या आणि टाकलेल्या बाईला काय मिळते? उत्तर समाधानकारक मिळाले तेथे त्या थांबल्या. आणि थांबल्यावर ते उत्तर खरे करून दाखवणे ही त्यांनी स्वतःची जबाबदारी मानली.

हा प्रश्न शिळा झाला, असे मला आमच्या गावात राहून वाटत नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली, मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढलेली माणसे आमच्याकडे अजून आहेत. दसरादिवाळी झाली की मराठवाड्यातून ऊसतोडीच्या गाड्या निघतात आणि शाळेतले काही बाक रिकामे होतात. कोणी मुलगी आईबापांबरोबर फडावर जाते, धाकट्या भावाला सांभाळायला. एखादीचे लग्न उरकून टाकलेले असते. कायदा अठरा वर्षे म्हणतो, आणि वडील म्हणतात, आम्ही सहा महिने बाहेर, वयात आलेल्या पोरीला कोणाच्या भरवशावर ठेवू? त्या बापाला नुसते दोषी धरून प्रश्न सुटत नाही. त्याला हवे आहे ते एक भरवशाचे घर. रमाबाईंनी बांधले होते ते हेच. आमच्या गावोगावी देवळे, मशिदी, विहार, चर्चे आहेत, सणावारी रोषणाईही होते. त्यांतल्या प्रत्येकाने सहा महिन्यांपुरत्या चार मुली सांभाळल्या, तर कितीतरी बाक भरलेले राहतील.

रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे एका पुस्तकाला दिली. मराठीत बायबल होते. पण ते बोजड, पंडितांच्या थाटाचे, आणि खेड्यातल्या बाईला कळायला कठीण, असे त्यांना वाटे. जिच्या आईला संस्कृत शिकवल्याबद्दल बापाला जाब द्यावा लागला, त्या बाईने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतले, आणि सारे बायबल साध्या मराठीत उतरवायला घेतले. संस्कृतावर एवढे प्रभुत्व असून संस्कृत शब्द टाळायचे, हा तिने स्वतःला घालून दिलेला नेम! मध्येच, १९२१ साली, मनोरमाबाई वारल्या. आपल्यामागे हे सारे पाहील म्हणून जिच्यावर भिस्त ठेवली होती, ती एकुलती एक लेक. निजामाच्या राज्यात गुलबर्ग्याला तिने काढलेल्या शाळेचीही ती आधार होती. रमाबाईंनी काम थांबवले नाही. भाषांतर हातावेगळे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.

ते पुस्तक १९२४ साली छापून पुरे झाले. त्याचे खिळे जुळवले, मुद्रिते काढली, कागद दुमडले आणि बांधणी केली, ते सारे मुक्तीच्या छापखान्यातल्या बायकांनी. त्यांतल्या कितीतरी जणी दुष्काळात रस्त्याच्या कडेला सापडल्या होत्या. आल्या तेव्हा त्यांना आपले नावही लिहिता येत नव्हते.